मौजे हरियाली : विक्रोळीची झाडे कोणाच्या हिशेबात होती?

विक्रोळी पूर्वेला टागोरनगर किंवा कन्नमवारनगर येथे पुनर्विकासाच्या एखाद्या जागेवरील फलक कधी नीट वाचून पाहा. इमारतीच्या झगमगीत नावाखाली बारीक अक्षरांत महसुली गावाचे नाव असते : मौजे हरियाली, तालुका कुर्ला. गाव म्हणून हरियाली केव्हाच विरून गेले. ते आता मिळकत पत्रिकेवर आणि अशा फलकांवरच नांदते. त्या फलकाच्या आसपास एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर दुसरा एक कागद चिकटवलेला दिसतो. ती वृक्ष अधिकाऱ्याची सूचना असते. अमुक क्रमांकाचे झाड तोडण्याचा किंवा दुसरीकडे लावण्याचा प्रस्ताव आला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी, असा तिचा आशय. पहिल्या कागदावर चौरस मीटर असतात, दुसऱ्यावर झाडांचे क्रमांक.

हे दोन कागद दोन निराळ्या कायद्यांतून आणि दोन निराळ्या खात्यांतून येतात. त्यांची गाठ कोठे पडते, किंवा का पडत नाही, हा आजच्या थ्रेडचा विषय आहे. मजकूर लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पर्यावरण दिन आला की ‘शिवछत्रपतींचे झाडांविषयीचे पत्र’ म्हणून एक मजकूर फिरू लागतो. तो कोणत्याही पत्रातील नाही. तो ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथातील, आरमाराच्या प्रकरणातील आहे. हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात, साधारण १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध केला असे मानले जाते. त्यात शिवकाळाची शिस्त उतरली आहे हे खरे, पण महाराजांच्या हातचे पत्र म्हणून तो पसरवणे योग्य नव्हे.

मजकुराचा आशय मात्र मन लावून वाचावा असा आहे. आरमारासाठी लाकूड लागतेच, परंतु आंबा-फणसासारखी झाडे रयतेने वर्षानुवर्षे जिवापाड वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन, मगच ते तोडावे. परवानगी आणि भरपाई हे आजच्या वृक्ष कायद्याचे दोन्ही खांब येथे उभे आहेत. शिवाय तिसरीही एक गोष्ट आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. हा नियम आरमाराच्या प्रकरणात आहे. म्हणजे ज्या पानावर जहाजबांधणीची आखणी, त्याच पानावर झाडाची राखण. विक्रोळीची गोष्ट वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

आता विक्रोळीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साष्टीतील पवई-विक्रोळीकडील मोठी जमीन कंपनी सरकारकडून फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे आली. धोबी तलावाजवळील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट ज्यांच्या नावाची, तेच हे गृहस्थ. पवईच्या जमिनीत त्यांनी ऊस, नीळ, आंबा अशा लागवडीचे प्रयोग केले. विक्रोळीचा खाडीकडील भाग मात्र भरतीच्या पाण्याचा, तिवरांचा आणि मिठागरांचा होता. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी या भागातून धावू लागली, तरी पुढे जवळजवळ शतकभर हा प्रदेश भातखाचरे, गवत आणि दलदल असाच राहिला. प्रशासकीयदृष्ट्याही तो मुंबई शहराबाहेर होता. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला, त्यात तो गेला.

१९४३ च्या सुमारास ही जमीन लिलावात पिरोजशा गोदरेज यांनी घेतली. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलुपांचा कारखाना काढला होता. पिरोजशा हे त्यांचे धाकटे बंधू. कुलुपांपासून तिजोऱ्या, वनस्पती तेलाचा साबण, कपाटे असा व्याप वाढत गेला आणि लालबागची जागा अपुरी पडू लागली. या जमिनीच्या काही भागाच्या मालकीवरून राज्य सरकारने १९७३ मध्ये दावा दाखल केला, हेही नोंदवून ठेवायला हवे. कारण विक्रोळीच्या झाडांची कथा सांगताना जमिनीचा मालक कोण हा प्रश्न वळणावळणावर पुढे येतो.

स्वातंत्र्यानंतर येथे कारखाने उभे राहिले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या मतपेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. कारखान्याच्या पाठोपाठ कामगारांची घरे, दवाखाना, १९५५ मध्ये उदयाचल शाळा असे करत पिरोजशानगर ही वसाहत आकाराला आली. एका मालकाने, एका आराखड्यानुसार वसवलेले ते छोटे शहरच होते.

अशा शहरांची परंपरा जगभर आढळते. साबणाचे कारखानदार लिव्हर यांनी १८८८ पासून लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइट वसवले, चॉकलेटवाल्या कॅडबरींनी बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिल. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी १९०२ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात नियोजित पोलादनगरीचे रस्ते रुंद असावेत, त्यांवर सावलीची झाडे लावावीत आणि त्यांतली काही लवकर वाढणारी असावीत, असे बजावले होते. अजून जवळचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानात मिळालेली जागा निवडुंगाने भरलेला उजाड माळ होता. कारखाना आणि झाडे तेथे बरोबरीने वाढली.

या सर्वांमागे निव्वळ परोपकार होता असे मानण्याचे कारण नाही. सावलीतला कामगार टिकतो, आजारी कमी पडतो, संपही कमी करतो, हा हिशेब मालकांना चांगला कळत होता. आणि या वसाहतींचा इतिहास बहुधा त्या कंपन्यांच्याच अभिलेखागारांतून आपल्यापर्यंत येतो, म्हणून तो थोडा राखूनच वाचावा. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. या वसाहतींत कारखाना कोठे, रस्ता कोठे आणि झाड कोठे, हे एकाच टेबलावर एकाच वेळी ठरत असे.

मुंबईच्या उर्वरित भागात ते टेबल दुभंगले.

१९४८ मध्ये महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक (वैतरणेवरील मोडकसागर त्यांच्याच नावाचा) आणि अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा मांडली. दाटलेल्या बेटावरील वाढ उपनगरांकडे वळवावी हे तिचे मुख्य सूत्र. १९५० मध्ये महापालिकेची हद्द मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत वाढली, तेव्हा विक्रोळी महापालिकेत आली; १९५७ मध्ये हद्द मुलुंडला पोहोचली. १९५४ च्या नगररचना कायद्याने शहरांना विकास आराखडा करणे बंधनकारक केले. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये तयार होऊन १९६७ मध्ये मंजूर झाला. दरम्यान १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला, तो आजही लागू आहे. आराखड्यात नैसर्गिक सौंदर्यस्थळांचे जतन करण्याची तरतूद या अधिनियमात आहे. पण रस्त्याकडेच्या किंवा अंगणातल्या एकट्यादुकट्या झाडाची काळजी त्याच्या कक्षेत सहसा आली नाही. आराखडा रंगांत बोलतो. औद्योगिक पट्ट्याचा एक रंग, निवासी पट्ट्याचा दुसरा. झाडाला त्यात स्वतंत्र रंग नव्हता.

मग १९७५ उजाडले. त्या वर्षाच्या प्रजासत्ताकदिनी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. प्रदेशाच्या आर्थिक वाढीची दिशा ठरवणे हे त्याचे काम. त्याच वर्षी विधिमंडळाने महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम संमत केला. एकाच वर्षी, एकाच राज्यात, शहराची वाढ पाहणारी एक संस्था जन्मली आणि शहरातील झाडे पाहणारा एक कायदा जन्मला. दोघांची सोयरीक मात्र कोणी जुळवली नाही. माझ्या मते पुढील पन्नास वर्षांच्या बहुतेक भांडणांचे मूळ येथे आहे.

म्हणून तो कायदा वाईट होता असे नाही. देशात शहरी झाडांसाठी स्वतंत्र कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र येतो. दिल्लीचा कायदा १९९४ चा, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनंतरचा. महाराष्ट्राच्या कायद्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण नेमण्यास सांगितले, वृक्ष अधिकारी दिला, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्यास सांगितले, परवानगीविना तोडणाऱ्यास दंडाबरोबर कैदही ठेवली. स्वतःच्या अंगणातले झाडही मनास येईल तेव्हा तोडता येत नाही, हे तत्त्व मालकी हक्काच्या दृष्टीने क्रांतिकारक होते.

उणीव त्याच्या रचनेत आहे. या कायद्यात झाडाचा विचार सुरू होतो तो ते तोडण्याचा अर्ज आल्यावर. तोपर्यंत भूखंडाचा वापर ठरलेला असतो, चटईक्षेत्र निर्देशांक ठरलेला असतो, वास्तुविशारदाचे नकाशे तयार असतात. वृक्ष प्राधिकरणापुढे येणारा प्रश्न ‘येथे इमारत कोठे असावी’ असा नसतो. ‘ठरलेल्या इमारतीच्या आड येणाऱ्या या झाडांचे काय करावे’ असा असतो. उत्तर बहुधा प्रश्नातच दडलेले असते.

येथे ब्रिटनकडे क्षणभर पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे झाडाच्या संरक्षणाचा आदेश १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचाच भाग आहे. बांधकामाला परवानगी देणारी स्थानिक संस्थाच एखादे झाड, झाडांचा समूह किंवा सबंध वनराई संरक्षित म्हणून घोषित करू शकते, तीही तोडीचा अर्ज येण्यापूर्वी. तेथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. परंतु नकाशा काढायला बसणाऱ्याला झाड आधीपासून ठाऊक असते, एवढा फरक पडतो. आपल्याकडे समूहाला, रांगेला, सावलीच्या सलग पट्ट्याला कायद्याच्या लेखी ओळखच नाही. जी काही ओळख आहे, ती क्रमांक दिलेल्या एकेका झाडाला.

आणि क्रमांकांचे गणित जमवता येते. २०१७ च्या दुरुस्तीने २५ पर्यंत झाडांच्या तोडीस परवानगी देण्याचा अधिकार आयुक्तांकडे दिला. त्याहून अधिक असतील तरच प्रकरण प्राधिकरणापुढे. मोठा प्रकल्प लहान तुकड्यांत मांडण्याचा मोह कोणाला होणार नाही? २०१८ मध्ये मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणावर तज्ज्ञच नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने त्याच्या कामकाजाला रोख लावला होता. त्याच वर्षाच्या गणनेत मुंबईत सुमारे २९.७५ लाख झाडे नोंदली गेली. आकडा डोळ्यांत भरणारा आहे. पण काल लावलेले रोप आणि साठ वर्षांचा वर्षावृक्ष, दोघेही त्यात एकेकच.

नगररचनेच्या बाजूने झाडांसाठी काहीच केले नाही असेही म्हणता येणार नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील तेविसावा नियम मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत उपेक्षित दस्तऐवज वाटतो. भूखंड मोठा असेल तर त्याच्या आकारानुसार १५, २० किंवा २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी, आणि त्या जागेच्या दर १०० चौरस मीटरमागे पाच झाडे भूखंडावर लावावीत, असे तो सांगतो. शहराच्या नियमावलीत झाडाला मोजमापाने मिळालेली ही जागा.

पुढे काय झाले ते मुंबईकराला सांगायला नको. मोकळी जागा हळूहळू जमिनीवरून उचलून वाहनतळाच्या मजल्यांवर, पोडियमवर नेण्यात आली. पोडियमवर हिरवळ उगवते, कुंडीतला चाफा उगवतो. वड उगवत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोहिनूर प्रकरणात स्पष्ट केले की नियमात सांगितलेली किमान मोकळी जागा जमिनीवर, आकाशाखालीच हवी.

आता पुन्हा विक्रोळीत येऊ. कारण येथे हे सारे नियम एका पिनकोडाच्या परिसरात एकमेकांशेजारी पाहता येतात.

पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे ठाणे खाडीपर्यंत कांदळवन आहे. तिवर, कांदळ, चिपी यांचे हे जंगल मुंबईच्या सर्वांत मोठ्या कांदळवनांपैकी एक असून त्याचा मोठा भाग गोदरेज यांच्या ताब्यात आहे. वृत्तपत्रांत याचे क्षेत्र साधारण १,७५० एकर सांगितले जाते. १९८५ मध्ये येथे सागरी परिसंस्था केंद्र स्थापन झाले. सोहराब गोदरेज हे निसर्गरक्षणाच्या चळवळीतले देशपातळीवरचे नाव, त्यामुळे ही आस्था वरवरची नव्हती. लक्षात घ्यावे ते असे की १९८५ साली कांदळवन राखण्याची सक्ती करणारा किनारा नियमन कायदा नव्हता. ती अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची. राज्यभर कांदळवन तोडीवर उच्च न्यायालयाची बंदी २००५ ची, अंतिम निकाल सप्टेंबर २०१८ चा, आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ चा. अर्थात विक्रोळीचे कांदळवन प्रथम मालकाच्या इच्छेने टिकले, नियम मागाहून आले.

मालकाच्या इच्छेवर टिकलेल्या गोष्टीचे भवितव्यही मालकीबरोबर हलते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी विक्रोळीतील ३९,२५२ चौरस मीटर जमिनीचे संपादन झाले. कंपनीने त्याला आव्हान दिले, परंतु उच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२३ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात ते फेटाळले. सार्वजनिक हित वरचढ ठरले. त्याआधी, ९ डिसेंबर २०२२ रोजी, उच्च न्यायालयाने याच प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे व पालघर मिळून सुमारे २२ हजार कांदळ तोडण्यास परवानगी दिली होती. मूळ मागणी ५३ हजारांवर होती, ती निम्म्याहून खाली आली. म्हणजे आखणीच्या टेबलावर कोणीतरी झाडांच्या बाजूने बसले की रेषा सरकू शकते.

कारखान्यांच्या भागाची कथा निराळी. मुंबईतून उद्योग बाहेर न्यावेत हे धोरण १९७० च्या दशकापासून ठरले होते, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरील औद्योगिक पट्टा एकेक करून घरे, कार्यालये आणि मॉल यांच्याकडे गेला. विक्रोळीत जुन्या साबण कारखान्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या नव्या संकुलाचे नावच ‘द ट्रीज’ आहे. कारखान्याच्या काळात कामगाराला मिळणारी सावली आता घराच्या किमतीत धरली जाते, असे म्हटले तर फार चुकीचे ठरू नये.

खरी कसोटी आहे कन्नमवारनगर आणि टागोरनगरात. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या नावाची ही वसाहत साठच्या दशकात गृहनिर्माण मंडळाने उभारली. बैठ्या, मोजक्या मजल्यांच्या इमारती आणि दोन इमारतींमध्ये ऐसपैस जागा. त्या जागेत मंडळाने क्वचित, रहिवाशांनी मात्र हौसेने झाडे लावली. कोणी गावाहून फणसाची आठळी आणली, कोणी सत्यनारायणाचा नारळ रुजवला. आज्ञापत्रातील रयतेच्या झाडांशी यांचे नाते सर्वांत जवळचे आहे. आराखड्यात यांची नोंद कधीच नव्हती.

म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाला चटईक्षेत्र निर्देशांक अडीच आणि पुढे तीन मिळू लागला, आणि त्या मोकळ्या जागांना भाव आला. इतकी वर्षे गळक्या छताखाली राहिलेल्या कुटुंबाला मोठे घर मिळू नये असे कोणता शहाणा म्हणेल? झाड विरुद्ध माणूस अशी मांडणीच खोटी आहे. पण कालगणना पाहा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली. साठच्या दशकात लावलेल्या झाडांनी नुकतीच ती पन्नाशी ओलांडली आहे, आणि नेमक्या याच वर्षांत त्यांच्या वसाहतींचा पुनर्विकास ऐन भरात आहे. ज्या पिढीच्या झाडांना कायदा प्रथमच मान देतो, तीच पिढी प्रथमच बुलडोझरसमोर उभी आहे. त्यांचे वय सिद्ध करायला लागवडीची नोंद कोठून आणायची? जुनी छायाचित्रे, सोसायटीची इतिवृत्ते आणि ज्येष्ठ रहिवाशांची आठवण, एवढीच साधने हाती उरतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी १९६० किंवा ७० च्या दशकातील विक्रोळीच्या वसाहतीतले छायाचित्र असेल, तर त्यात माणसांच्या मागे काय दिसते तेही पाहून ठेवा. तो पुरावा आहे.

आणि पश्चिमेला, पार्कसाइट-सूर्यनगरच्या डोंगरउतारावर, ना आराखडा पोहोचला ना वृक्षगणनेचा उपयोग झाला. इतर कोठेही जागा न परवडणाऱ्या माणसांनी तेथे घरे बांधली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सूर्यनगरात दरड कोसळून माणसे गेली. त्या उतारावर काय असावे हे ठरवण्याची वेळ घरे उभी राहण्यापूर्वी होती.

शेजारच्या कांजूरमार्गची मिठागरे या थ्रेडमध्ये जाणूनबुजून घेतली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत २,१४१ झाडे तोडली गेली, वर्षभराने कारशेड कांजूरला नेण्याचे ठरले, डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ते काम थांबवले. या सगळ्याची मुळे मिठाच्या जमिनींच्या ब्रिटिशकालीन मालकीत आहेत. ते प्रकरण स्वतंत्रपणेच सांगावे लागेल. पुढील थ्रेड त्यावर.